गद्र्यांच्या डब्यातलं पाणी

गद्रेसाहेबांच्या जेवणाच्या टेबलावर आमची कॉलनी पहिल्यांदा ओस पडली तेव्हा रविवार होता, दुपारचे साडेचार वाजले होते आणि कुमुदताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. पटावर चार घरं होती. एक त्यांचं, एक आमचं, एक चौहानांचं आणि कोपऱ्यावरचं एक, तेव्हा बंद असलेलं घर, जे खेळात माझ्या वाट्याला होतं. फाटकांचे रंगसुद्धा गद्रेसाहेबांनी खरे होते तेच दिले होते. चारही घरं पालथी पडलेली पाहून कुमुदताई म्हणाल्या, "हे नको घरात."

"अगं, खेळ आहे," गद्रेसाहेब म्हणाले.

"खेळच म्हणतेय मी. लोकांची घरं अशी पालथी घालू नयेत."

चौहान भिया हसले, आमचे हे हसले, मीही हसले. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा खेळायला बसलो.

गद्रे मूळचे सांगलीकडचे. मध्य प्रदेशात देवासला कारखाने उभे राहिले तेव्हा महाराष्ट्रातून जी मंडळी नोकरीसाठी आली, त्यांच्यातले. टूलरूममध्ये होते. बुटके, काटक, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. ती पट्टी ते लग्नाच्या पंगतीतही काढत. आमच्या बैठकीतला फोटो वाकडा लागलाय हे त्यांनी पहिल्याच भेटीत मोजून सिद्ध केलं आणि स्वतःच सरळ केला. असा शेजारी असला की घर नीट राहतं, पण जीव थोडा टांगणीला लागतो.

खेळांचं खूळ त्यांना एका जर्मन इंजिनिअरमुळे लागलं. तो कारखान्यात मशीन बसवायला तीन महिने आला होता आणि जाताना दोन मोठे खोके त्यांना देऊन गेला. आत जाड पुठ्ठ्याचे पट, लाकडी सोंगट्या, पत्ते आणि जर्मन भाषेतली नियमांची पुस्तकं. आम्हाला सापशिडी, ल्युडो आणि व्यापार एवढंच ठाऊक. या खेळांत फासे जवळजवळ नव्हतेच. कुणी जमीन घ्यायची, कुणी रस्ता अडवायचा, कुणाशी सौदा करायचा, सगळं डोक्यानं. गद्रेसाहेबांनी इंदूरहून शब्दकोश आणला आणि सहा महिने बसून नियम मराठीत उतरवले. परिणाम असा झाला की त्यांना फक्त खेळाच्या नियमांपुरतं जर्मन येऊ लागलं. पुढे दुसरा जर्मन पाहुणा आला तेव्हा हे त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायला गेले. त्याला म्हणाले, "सर्वांत लहान खेळाडूनं सुरुवात करावी." मग म्हणाले, "आता एक पत्ता उचला." तो गोरा माणूस बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला म्हणे. ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. त्यांना असं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

त्यांच्या टेबलाचे कायदे कडक होते. हात साबणानं धुतल्याशिवाय पत्त्यांना शिवायचं नाही. पोहे, शेव, सगळं दुसऱ्या खोलीत. चौहान भियांना बोटांवर शेवेचं तेल घेऊन आल्याबद्दल दोनदा परत पाठवलं होतं. हरवलेल्या सोंगटीच्या जागी चिंचोका चाले, पण तो कानशीनं घासून, बाकीच्या सोंगट्यांच्या उंचीचा करून. आणि खेळ संपल्यावर उठायचं नाही. खरा रविवार तिथून सुरू व्हायचा. ते चष्मा पुसत म्हणायचे, "का हरलात ते सांगा. कसे हरलात ते मी पाहिलंय."

मग अर्धा-पाऊण तास चर्चा. कुणी कुठं घाई केली, कुणी लोभ केला, कुणी नुसताच घाबरला. चौहान भिया म्हणायचे, "अरे गद्रे साब, इतना तो अपन ने लोन लेते टाइम नहीं सोचा." ते बागलीकडचे, बँकेत कारकून, मराठी सगळं समजायचं पण उत्तर आपल्या बोलीतच, 'भैया'ला 'भिया' म्हणणाऱ्या हिंदीतच द्यायचे. त्यांच्यासाठी चर्चेचा सारांश हिंदीत लिहायचा असे, आणि गद्रेसाहेबांचं हिंदी म्हणजे काही बोलायलाच नको. मी हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकवत होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. ते बोलायचे, मी लिहायची. सोमवारी ते कागदाच्या झेरॉक्स काढून घरोघर वाटायचे. "कोण सर्वांत जास्त टिकला आणि का," हे प्रत्येक कागदाच्या तळाशी असायचं. मला अक्षराची फार हौस, मी ती ओळ जरा मोठी काढायची.

आता पाण्याचं सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. देवासला पाणी म्हणजे काय हे ज्यांनी ती वर्षं काढली त्यांनाच ठाऊक. रेल्वेनं पाणी आणायची वेळ या गावावर येऊन गेली आहे. आमची कॉलनी बारा घरांची. नळ आला तर आला. पण आमच्याकडे मधोमध एक विहीर होती, सगळ्यांची मिळून खणलेली, आणि ती खणायला लोकांच्या मागे लागलेला माणूस म्हणजे गद्रेसाहेब. विहिरीला पाणी लागलं त्याच दिवशी त्यांनी बाराही घरांकडून एका कागदावर सह्या घेतल्या होत्या. आवारात कुणीही स्वतःची बोअर घेणार नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: खालचं पाणी एकच आहे, विहीर सत्तर फूट, शेजारी दोनशे फुटांचं भोक पडलं की विहीर गेली. दर रविवारी खेळाआधी ते विहिरीत दोरी सोडायचे. दोरीच्या टोकाला जाड नट, दर हातावर एक गाठ. ओली गाठ मोजून येऊन बसायचे. त्यांच्या तोंडाकडे पाहून आम्हाला कळायचं, एक गाठ कमी झाली की नाही.

एका दिवाळीच्या सुटीत ते आणि कुमुदताई आमच्याबरोबर धारला, माझ्या माहेरी आले होते. आम्ही धारचे जुने, आजोबा संस्थानच्या नोकरीत. माझ्या मराठीची गद्रेसाहेब नेहमी थट्टा करायचे. मी सासऱ्यांना मामंजी म्हणायची तर म्हणायचे, "वहिनी, तुम्ही बोललात की मला पागोटं घालून उभं राहावंसं वाटतं." तर माझ्या वडिलांनी, नानांनी, त्यांना तलाव दाखवायला नेलं. धारचे साडेबारा तलाव नाना प्रत्येक पाहुण्याला दाखवत. काठावर उभं राहून गद्रेसाहेबांनी विचारलं, "कुणी किती पाणी घ्यायचं हे कोण ठरवायचं?"

"ते ठरलेलं असे," नाना म्हणाले.

"पण कोण ठरवी?"

"कोणी ठरवीत नसे हो. ठरलेलं असे."

"आणि एखाद्यानं जास्त घेतलं तर?"

नानांना प्रश्नच कळला नाही. "का घेईल?" ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये, धार मागे पडल्यावर, गद्रेसाहेब एकदम यांच्याकडे वळून म्हणाले, "नियम लिहिलेलाच नाही आणि खेळ चाललाय. हे कसं काय?" ते त्यांना सहनच होत नव्हतं. त्याच हिवाळ्यात त्यांनी स्वतःचा खेळ बनवला.

खेळ सोपा होता. मधोमध तोंडाला कापड बांधलेला एक स्टीलचा डबा. कापडाला हात जाईल एवढं भोक. डब्यात निळे मणी, म्हणजे जमिनीखालचं पाणी. किती आहेत ते कुणालाच दिसत नाही. एक डाव म्हणजे एक वर्ष. दर वर्षी प्रत्येक घरानं विहिरीतून एक मणी घ्यायचा, त्यात कसंबसं भागायचं. किंवा बोअर मांडायची आणि तीन मणी घ्यायचे. पावसाचा पत्ता निघेल तसे मणी डब्यात परत पडायचे. हात घातला आणि हाताला काही लागलं नाही, शिलकीतही काही नसलं, की घर पालथं.

आम्ही दर वेळी मेलो. कधी चौथ्या वर्षी, कधी सहाव्या. सुरुवातीला सगळे शहाण्यासारखे एकेक मणी घ्यायचे. मग कुणाचा तरी हात डब्यात जरा जास्त वेळ राहायचा, बाकीचे त्या हाताकडे बघायचे, आणि एक बोअर पडायची. एक पडली की उरलेल्या दोन-तीन त्याच डावात. आम्ही मित्र होतो, एकमेकांच्या घरी डबे देणारे-घेणारे, तरी त्या वेळी टेबलावर कुणी कुणाकडे सरळ बघत नसे.

एकदा मात्र आम्ही आठव्या वर्षापर्यंत गेलो. पावसाचे तीन पत्ते ओळीनं वाईट निघाले होते. माझा हात डब्यात गेला आणि तळ लागला. मणी होते, पण तळही लागला. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं देव जाणे, चौहान भियांनी लगेच बोअर मांडली. यांनी मांडली. मीही मांडली. सगळं संपल्यावर गद्रेसाहेबांनी आम्हाला चौहानांनी बोअर मांडली त्या वेळचे मणी मोजून दाखवले. "अजून तीन वर्षं पुरलं असतं," ते म्हणाले. "आणि पुढचा पत्ता हा होता." पत्ता चांगल्या पावसाचा होता.

चौहान हसायला लागले. "गद्रे साब, अपन तो हर इतवार मर रिये हैं."

"हसू नका भिया. हँसो मत. ये सच है."

त्या दिवशीच्या कागदावर त्यांनी मला सांगितलं ते मी लिहिलं: पहिली बोअर घेणारा सर्वांत जास्त टिकतो. दुसऱ्यानं घ्यायची तर पहिल्यापेक्षा खोल घ्यावी. शेवटी दोघंही जातात. तिसरी ओळ कागदाच्या अगदी तळाशी आली म्हणून मी ती बारीक अक्षरात काढली.

हा खेळ वाचवता येतो असं ते शपथेवर सांगायचे. एकदा दुपारी मी वाटी परत करायला गेले तर खिडकीतून दिसलं, ते एकटेच खेळत होते. एका खुर्चीवरून उठून दुसरीवर बसायचे, मणी घ्यायचे, उठून तिसरीवर. प्रत्येक खुर्चीवर बसताना शर्ट नीट करत होते. मला पाहून ओशाळले. "वाचली," म्हणाले. "बारा वर्षं झाली, चारही घरं उभी आहेत. एकटा खेळलो की दर वेळी वाचते." मला तेव्हा हसू यायला हवं होतं, पण मी वाटी ठेवून लवकर घरी आले.

पुढे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. दोरीवरच्या ओल्या गाठी कमी होत होत चारावर आल्या. गद्रेसाहेबांनी दिवस वाटून दिले, कुणी कोणत्या दिवशी किती बादल्या भरायच्या ते. लोकांनी पाळलंही. मग एप्रिलमध्ये एका सकाळी खडखडाट झाला आणि बोअरची गाडी चौहानांच्या फाटकात उलटी शिरली. त्यांच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं.

संध्याकाळी विहिरीपाशी बैठक झाली. गद्रेसाहेबांनी सह्यांचा कागद आणला होता. "भिया, ये आपका सही है ना?"

"है ना साब. मना कहाँ कर रिया हूँ." चौहान भियांनी खिशातून दुसरा कागद काढला. चार घड्या घातलेला. झेरॉक्स होती, पण अक्षर माझं होतं, हे मला दहा पावलांवरून दिसलं. "ये भी आपका ही है. पहला बोअर लेने वाला सबसे ज़्यादा टिकता है. अपन कित्ते साल से खेल रिये हैं, अपन को समझ में आ गया. आपको पहले लेना था तो आप ले लेते."

"वो खेल था, भिया."

"आप ही बोले थे, हँसो मत, ये सच है."

त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता. शिकवलेलं बरोबर शिकलो, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. गद्रेसाहेबांनी तो कागद घेऊन वाचला. शेवटची बारीक ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली, "आखिर में दोनों जाते हैं." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नव्हे, पण मी मान खाली घातली.

पंधरा दिवसांनी आमच्याकडे गाडी आली. यांनी दोनशे ऐंशी फूट घेतली, चौहानांपेक्षा चाळीस जास्त. मी नको म्हणू शकले असते. म्हटलं नाही. मला कूलर भरायचा होता, चादरी धुवायच्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मागे राहण्याची भीती वाटत होती. त्याची लाज मला आजही वाटते. गद्रेसाहेब फाटकाशी आले, "किती?" एवढंच विचारलं, आकडा ऐकला आणि गेले. जून उजाडेपर्यंत बारापैकी अकरा घरांत बोअर झाल्या. विहिरीत दोरी सोडली की नट दगडावर वाजायचा. ते तरीही रविवारी सोडायचे. आमच्या स्वयंपाकघरात तो आवाज ऐकू यायचा. खेळायला मात्र त्यांनी बोलावलं नाही आणि आम्हीही गेलो नाही.

ते दोघं टँकरवर राहिले. मी म्हटलं आमच्याकडून नळी टाकते. ते म्हणाले, "नको. माझी सही आहे." कुमुदताईंनी दुसऱ्या दिवशी कळशी उचलली. साठीची बाई कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची, पोरींच्या धक्क्यात. त्या एकदाच मला म्हणाल्या, "यांना हरवायचं नाहीये गं कुणाला. यांना बरोबर ठरायचंय. ते जास्त वाईट."

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात टँकरपाशी झालेल्या चिखलात त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. इंदूरला ऑपरेशन झालं, अठरा दिवसांनी त्यांना घरी आणलं. पलंगावरच सगळं. रोज चादरी, रोज पुसणं, रोज धुणं. गद्रेसाहेब पहाटेपासून बादल्या वाहायचे. तोवर आमच्या बोअरची धारही करंगळीएवढी झाली होती, चौहानांची तर दिवसाआड बंद पडायची.

एके दिवशी दुपारी चारच्या सुमारास ते आमच्याकडे आले. पांढरा शर्ट इस्त्रीचा होता. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर बसले.

"उद्या सकाळी सातला गाडी येतेय," ते म्हणाले.

मी विचारलं, "किती फूट?"

"पाचशे सांगितलंय. लागलं तर पुढे."

आमची दोनशे ऐंशी होती. पाचशेपुढे तिचं काय होणार हे त्यांना समजावून सांगायला नको होतं, आणि मलाही त्यांनीच शिकवलेलं होतं. मी म्हटलं, "गद्रेसाहेब, आमची नळी घ्या. आत्ता लावते. कुमुदताईंसाठी घ्या."

"किती दिवस पुरेल तुमचं? तीन आठवडे? मग तिला कुणाच्या नळावर ठेवू?" ते उठले. "वहिनी, मी सांगायला आलोय. उद्यानंतर तुमच्या बोअरला पाणी येईल का याची खात्री नाही. आजच टाकी भरून घ्या. पिंप असेल तर तेही."

ते नमस्कार करून निघाले. मी फाटकाशी उभी राहिले. ते शेजारच्या घरी गेले, कडी वाजवली, तेच सांगितलं असणार, बाहेर आले, फाटकाला कडी घातली. मग पुढचं घर. मग चौहानांचं. तिथं थोडा वेळ लागला. अकराच्या अकरा घरांना ते स्वतः जाऊन सांगणार होते. त्यांच्यासारख्या माणसाला न सांगता ते करणं जमलंच नसतं. मी आत येऊन मोटर सुरू केली.

पुन्हा बाहेर आले तेव्हा शेजारची मोटर सुरू झाली होती. मग पलीकडची. ते ज्या घरातून बाहेर पडत, तिथली मोटर दोन मिनिटांत सुरू व्हायची. शेवटच्या फाटकाशी पोचेपर्यंत साऱ्या कॉलनीभर एकच घरघर चालू झाली. तिथं ते थांबले. कडीवर हात तसाच ठेवून त्यांनी मागे वळून पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मान जराशी तिरकी करून ऐकत राहिले. आपण काय करून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला, पंजा उघडा, थांबवा म्हणतात तसा.

मला खूण कळली होती. आत जाऊन बटण बंद करायचं, एवढंच होतं. टाकी अजून अर्धीच भरली होती, म्हणून मी मोटर चालू ठेवली.